सोळा गावांची ग्रामपंचायत

रुमानियाला जाऊन आलो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "मग ड्रॅक्युलाचा वाडा बघितला की नाही?" बघितला. ठीकच आहे. तिकिटाची रांग, आत रेटारेटी आणि बाहेर प्लॅस्टिकचे सुळे विकणारी दुकानं. त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण त्याच मुक्कामात एका खेड्यात दोन दिवस राहिलो होतो, आणि ते खेडं काही केल्या डोक्यातून जात नाही. लिहू लिहू म्हणता कितीतरी दिवस गेले. आज लिहूनच टाकतो. थोडं लांबेल, आधीच सांगून ठेवतो.

कामानिमित्त २०१९ साली मी काही महिने क्लुजला होतो. ऑफिसातली एक सहकारी जुलैत शनिवार-रविवार धरून आजीकडे निघाली होती. मी विचारलं, सुट्टीला का? तर म्हणाली, "कसली सुट्टी, गवत कापायला." मी म्हटलं, मीपण येतो. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "ये. पण विळा मात्र तुझ्या हातात देणार नाही."

क्लुजहून तुर्दा, मग आरिएश नदीच्या काठाकाठाने आपुसेनी डोंगरात शिरायचं, कंपेनपाशी वळायचं. एका ओढ्याच्या तोंडाशी गाव लागतं, गुरा रोशियेई. नावाचा अर्थच 'रोशियाचं तोंड'. ओढ्याचं पाणी गंजल्यासारखं तांबडं, म्हणून तो रोशिया, म्हणजे तांबडी. हे तांबडेपण खाणींतून झिरपणाऱ्या पाण्याचं. तिथून वर चढत गेलं की रोशिया मोंताना.

आता ही 'कोमुना' काय भानगड आहे ते सांगतो. आपल्याकडे गट ग्रामपंचायत असते ना, दोन-चार गावांची मिळून एक, तसंच. निवडून आलेला सरपंच (त्याला प्रिमार म्हणतात), निवडून आलेले सदस्य, एक कचेरी. रोशिया मोंतानाच्या कोमुनेत एकूण सोळा गावं आहेत. कोर्ना, बुंता, त्सारिना, कर्पिनिश, ब्लिदेश्ती, दरोआया, वर्तोप... 'गावं' म्हटलं तरी आपल्या डोळ्यासमोर येतं तसं घराला घर लागलेलं गाव नव्हे. वरच्या बाजूची कित्येक गावं म्हणजे कोकणातल्या वाड्याच. या उतारावर दोन घरं, त्या टेकाडावर तीन, मधे कुरणं. इथल्या डोंगरी लोकांना मोत्स म्हणतात. त्यांच्या बायका लाकडाचं एक लांबलचक शिंग वाजवतात, तुल्निक. आता ते जत्रेत वाजतं, पण मुळात ते एका उतारावरून दुसऱ्या उतारावर निरोप पोचवायला होतं. म्हणजे शेजारी दिसतो, पण हाक ऐकू जात नाही, एवढं अंतर. तरी तो शेजारीच.

आजीचं घर अशाच एका वरच्या वाडीत. आजीचं वय त्या वेळी ऐंशीच्या पुढे. मला बघून नातीला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. मी विचारलं, काय? "आजी म्हणते, हा फार लांबून आलाय, याला आधी जेवायला घाल." जेवायला मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत मेंढीचं चीज आणि साय. आपल्या भाकरीची आणि पिठल्याची आठवण एकदम आली. असो.

गवत कापताना एक गोष्ट कळली. पूर्वी हे काम एकट्या घराचं नसायचं. आज तुझ्या कुरणात, उद्या माझ्या कुरणात, असं सगळे मिळून कापायचे. ज्याच्याकडे काम त्याने जेवू घालायचं, संध्याकाळी गाणी. याला ते क्लाका म्हणतात. मी ताबडतोब म्हणालो, "म्हणजे आमचं इरजिक!" आणि मग ते समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. आजीला इरजिक पटकन समजलं. शेवटी ती म्हणाली, "आमच्याकडे आता क्लाका नाही. समोरची घरं विकली गेली."

समोरची घरं विकली गेली. या वाक्यात रोशिया मोंतानाचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास आहे. पण त्याच्या आधीचा थोडा सांगितला पाहिजे, कारण तो भलताच जुना आहे.

रोमन सम्राट ट्राजानने इ.स. १०६ मध्ये डाकिया जिंकलं, त्यामागे इथलं सोनंही होतं. त्याने खाणकामाला आड्रियाटिक किनाऱ्याकडची माणसं आणून वसवली. त्या वस्तीचं नाव आल्बुर्नुस मायोर. हे आपल्याला कसं कळलं? तर अठराव्या-एकोणिसाव्या शतकात खाणींच्या जुन्या बोगद्यांत मेण लावलेल्या लाकडी पाट्या सापडल्या. त्यांवर लॅटिनमध्ये करार कोरलेले: उसनवारीचे, मजुरीचे, गुलामांच्या खरेदीविक्रीचे. सगळ्यांत जुनी तारीख ६ फेब्रुवारी १३१. त्यातला एक करार ६ मे १५९ चा आहे. एका माणसाने तीनशे दिनारांना अर्धं घर विकत घेतलं. अर्धं! आणि त्यात काय लिहिलंय? तर दोन्ही बाजूंचे शेजारी कोण ते नावानिशी, कुंपण, हद्द, जायची-यायची वाट, कुलपं, खिडक्या. म्हणजे आपल्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना, तंतोतंत तेच. मी ते वाचलं तेव्हा मला आमच्या घराचे पिवळे पडलेले स्टँपपेपर आठवले.

तर, या गावातली घरं विकली जाणं ही काही नवी गोष्ट नाही. साडेअठराशे वर्षांपूर्वीही विकली जात होती. मग बिघडलं काय? तेच मला सांगायचंय.

रोमनांनंतर हॅब्सबर्गांच्या काळात इथे घराघराची छोटी खाण असायची. डोंगरात पाणी साठवायला तळी बांधलेली, त्या पाण्यावर दगड कुटायची लाकडी यंत्रं चालायची. रोमन कॅथलिक, ग्रीक कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, युनिटेरियन, कॅल्विनपंथी अशा पाच पंथांची देवळं एका छोट्या खोऱ्यात उभी राहिली, कारण सोन्यामागे सगळ्या जातीपंथांची माणसं आली. १९४८ साली कम्युनिस्ट सरकारने खाणी ताब्यात घेतल्या. १९७० च्या दशकात चेताते नावाचा डोंगर सरकारने वरूनच खोदायला घेतला. त्यातले रोमन बोगदे गेले ते गेलेच. शेजारच्या लुप्शा कोमुनेत तर याहून वाईट झालं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तांब्याच्या खाणीचा गाळ सोडायला जामना नावाचं गावच्या गाव रिकामं केलं. गाळात बुडत चाललेल्या तिथल्या चर्चच्या कळसाचे फोटो तुम्हीही कुठेतरी पाहिले असतील. १९८८ मध्ये चाउशेस्कूने आणखी मोठा बेत जाहीर केला होता. देशातली तेरा हजारांच्या आसपास खेडी निम्म्यावर आणायची आणि माणसांना सिमेंटच्या इमारतींत हलवायचं. १९८९ च्या डिसेंबरात त्याची राजवटच संपली, म्हणून बहुतेक खेडी वाचली.

हुकूमशहापासून वाचलेल्या खेड्यात लोकशाहीत कंपनी आली. कॅनडाची. प्रकल्प असा: चार डोंगर वरून खोदायचे, कोर्नाच्या खोऱ्यात १८५ मीटर उंचीचा बांध घालून सायनाइडच्या गाळाचं तळं करायचं, आणि कंपनीच्या अंदाजानुसार सुमारे ३०० टन सोनं आणि १६०० टन चांदी काढायची. किती वर्षं? जेमतेम सोळा. सोळा गावांच्या कोमुनेला सोळा वर्षांचं काम. सायनाइड म्हणजे काय हे रुमानियाला २००० सालीच कळलं होतं. त्या वर्षी ३० जानेवारीला बाया मारे गावाजवळ अशाच एका गाळाच्या तळ्याचा बांध फुटला, सुमारे एक लाख घनमीटर विषारी पाणी नद्यांत गेलं आणि पार हंगेरीपर्यंत मेलेल्या माशांचा खच पडला.

इथे मात्र कुणाला जबरदस्तीने हुसकावलं नाही. कंपनीने घरं विकत घेतली. चांगले पैसे देऊन, रीतसर कागद करून. आल्बा युलिया शहराच्या कडेला रेचा नावाची नवी वसाहत बांधली, पक्की घरं, अंगण, रस्ते. काही कुटुंबांनी तर पूर्वजांच्या कबरीही हलवल्या. आजीचे दोन शेजारी रेचाला गेले. आजीचा धाकटा मुलगाही गेला. गावाच्या चौकात फिरताना मला रिकाम्या घरांवर कंपनीच्या मालकीच्या पाट्या दिसल्या, आणि मधेच एखाद्या घरावर 'हे विकाऊ नाही' अशी हाताने लिहिलेली पाटी.

माझ्या सहकारिणीचं मत ठाम होतं. २०१३ साली सरकारने खाणीला परवानगी देणारं विशेष विधेयक आणलं, तेव्हा १ सप्टेंबरपासून बुखारेस्ट, क्लुज आणि इतर शहरांत लोक रस्त्यावर उतरले. आठवड्यांमागून आठवडे, हजारोंच्या संख्येने. तीही त्यात होती. ती सांगते की तिच्या पिढीला आपण नागरिक आहोत हे तेव्हा समजलं. त्याच नोव्हेंबरात सिनेटने आणि जून २०१४ मध्ये खालच्या सभागृहाने ते विधेयक फेटाळलं. "आम्ही गाव वाचवलं," ती म्हणाली.

आजी शेंगा सोलत होती. तिला याचं भाषांतर कुणी करायची गरज नव्हती. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही डोंगर वाचवलात."

यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. नात रागावली होती हे उघड होतं. मला तेव्हा नातीचं पटत होतं. आज दोघींचंही पटतं, आणि म्हणूनच हा लेख.

कारण एक गैरसोयीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. डिसेंबर २०१२ मध्ये आल्बा जिल्ह्यातल्या पस्तीस गावा-कोमुनांत खाणीच्या प्रश्नावर सार्वमत झालं. मतदान झालं ४३ टक्क्यांच्या आसपास, म्हणून नियमाप्रमाणे ते रद्द ठरलं. पण ज्यांनी मत दिलं त्यांतल्या सुमारे ६२ टक्के लोकांनी 'खाण हवी' म्हटलं. शहरातले आंदोलक हा आकडा सहसा सांगत नाहीत. कंपनीची बाजू घेणारे एवढाच आकडा सांगतात.

खाण हवी म्हणणारे मूर्ख होते का? मुळीच नाही. सरकारी खाण २००६ मध्ये बंद पडली, रुमानिया युरोपीय संघात शिरायच्या तोंडावर. ज्या कोमुनेत बाप, आजा, पणजा सगळे खाणीत, तिथे एकदम काहीच उरलं नाही. त्याआधी २००२ मध्येच कोमुनेचा विकास आराखडा असा केला होता की खाणीखेरीज दुसरा धंदा उभा राहणं मुश्कील व्हावं. शेजारी विकून गेलेले. शाळेत पोरं कमी. दुकान बंद. अशा माणसाला तुम्ही विचारता, "बाबा रे, खाण हवी का?" तो काय म्हणेल? त्याच्यापुढे खाण किंवा गाव असा पर्याय उरलेलाच नव्हता. खाण किंवा काहीच नाही, एवढाच उरला होता.

माझा मुद्दा इथे आहे. प्रश्न चुकीचा नव्हता, त्याची वेळ चुकीची होती. आधी दहाबारा वर्षं एकेक घर सुटं सुटं विकत घ्यायचं, आणि शेवटी गावाला विचारायचं, तुमचं मत काय! तोवर मत द्यायला गाव उरतंच कुठे? उरतात ती सुटी माणसं.

कुणी म्हणेल, घर ज्याचं त्याचं, विकायचा हक्क ज्याचा त्याचा. मान्य. म्हातारपणी डोंगर चढवत नाही, पोराला शहरात नोकरी हवी, औषधाला पैसे हवेत. अशा वेळी आलेलं गिऱ्हाईक कुणी नाकारावं अशी अपेक्षा मी क्लुजमधल्या गरम खोलीत बसून करणार नाही. विकून गेलेल्यांना लोभी म्हणणं मला अजिबात मान्य नाही. आजीनेसुद्धा तिच्या शेजाऱ्यांना एका शब्दाने नावं ठेवली नाहीत.

पण त्या रोमन खरेदीखतात काय होतं ते आठवा. कुंपण, वाट, कुलूप, खिडकी आणि दोन्ही बाजूंचे शेजारी. शेजारी चतुःसीमेपुरते नावाने आले, पण ते विकले गेले नव्हते. अर्धं घर घेणारा नवा माणूस त्याच शेजाऱ्यांच्या मधे राहायला आला असणार. घर विकलं, गाव तिथेच. इथे घेणारा राहायला आलाच नाही. त्याने घर घेतलं ते रिकामं ठेवायला. त्यामुळे विकणाऱ्याने आपलं घर विकलं खरं, पण त्याबरोबर आजीचा गवत कापायचा भिडू, रात्री समोर दिसणारा दिवा, हिवाळ्यात बर्फ काढायला येणारा माणूस हेही गेलं. हे कुठल्याच कागदात नव्हतं. त्याचे पैसे कुणी कुणाला दिले नाहीत, कारण ते विकणाऱ्याचं नव्हतंच. ते सगळ्यांचं होतं.

म्हणून मला वाटतं की एखाद्या प्रकल्पासाठी वस्तीच्या वस्ती विकत घ्यायची असेल, तर पहिलं घर घेण्याआधी गावाला, गाव म्हणून, विचारलं पाहिजे. हे स्वप्नरंजन नाही. त्याच २०१३ साली आपल्या ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही जणींनी 'नाही' म्हटलं. तिथली पाडी तोवर फुटलेली नव्हती, म्हणून ते 'नाही' म्हणू शकले. रोशिया मोंतानात त्याच वर्षी 'नाही' म्हणायला शहरं यावी लागली.

शहरं आली हे चांगलंच झालं. नाहीतर डोंगर, बोगदे, देवळं काहीच उरलं नसतं. २७ जुलै २०२१ ला युनेस्कोने हा सगळा खाणप्रदेश जागतिक वारसा म्हणून जाहीर केला आणि त्याच दिवशी धोक्यात असलेल्या वारशांच्या यादीतही टाकला. मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने कंपनीचा अब्जावधी डॉलरच्या भरपाईचा दावा फेटाळून रुमानियाच्या बाजूने निकाल दिला. त्या दिवशी सहकारिणीचा मला मेसेज आला, नुसती उद्गारचिन्हं. मी विचारलं, आजी काय म्हणते? उत्तर आलं: "म्हणते, छान झालं. आता घरांत माणसं आणा."

ते अगदीच होत नाहीये असं नाही. २०१२ पासून वास्तुतज्ज्ञ आणि स्वयंसेवक तिथली पडकी घरं जुन्या पद्धतीने दुरुस्त करताहेत. एका तरुणाने गावातल्या बायकांकडून लोकरीचे कपडे विणून घेऊन विकायला सुरुवात केली. रोमन बोगदा बघायला पर्यटक येतात. हे सगळं चांगलंच आहे. पण वारशाची पाटी लागली म्हणजे गाव वाचलं असं समजू नये. पाटी दगडाला लागते. सोळा गावांच्या कोमुनेला दवाखाना, शाळा, बस आणि खाणीवाचून चालेल असे चार धंदे लागतात. जे सरकार खाणीसाठी खास कायदा करायला निघालं होतं, त्याच सरकारच्या वारसदारांनी तेवढीच धडपड यासाठी करावी, एवढीच मागणी आहे. आणि रस्त्यावर उतरलेल्या शहरी पोरांनीही. 'नाही' म्हणून झालं की काम संपत नाही, उलट तिथून सुरू होतं.

जाता जाता आणखी एका मेणाच्या पाटीबद्दल सांगतो. तारीख ९ फेब्रुवारी १६७. आल्बुर्नुसमध्ये एक मंडळ होतं, सभासदांनी वर्गणी भरायची आणि कुणी गेला की त्याच्या अंत्यसंस्काराचा खर्च मंडळाने करायचा. त्या मंडळाच्या प्रमुखाने लावलेल्या जाहीर नोटिशीची ही नक्कल. चोपन्न सभासदांपैकी आता इथे सतराच उरले आहेत, बैठकीला कुणी येत नाही, वर्गणी कुणी भरत नाही, तिजोरीत पैसे नाहीत. तेव्हा इथून पुढे कुणी मेला तर त्याने आपलं मंडळ आहे असं समजू नये. एवढं लिहून त्याने मंडळ बंद केलं.

ही पाटी मी क्लुजला परतल्यावर वाचली. आधी वाचली असती तर आजीला सांगितली असती की नाही, माहीत नाही. बहुतेक नसती सांगितली.

निघताना तिने पिशवीभर अक्रोड दिले आणि विचारलं, तुझ्या गावात समोरच्या घरात कोण राहतं? मी पुण्याच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. समोरच्या दाराचं नाव आठवायला मला जरा वेळ लागला.